एकवीस पॉइंट चार

आमच्या साहेबांना काळोख शोधायला पाठवलं, तेव्हा अख्खं ऑफिस हसलं होतं. हसणारच. वीस वर्षं हा माणूस रस्त्यावरच्या दिव्यांच्या खात्यात होता. कुठल्या गल्लीत किती खांब, खांबाची उंची किती, दिव्याचं तोंड कुठे, सगळं तोंडपाठ. मागून आम्ही त्यांना उजेडसाहेबच म्हणायचो. आणि त्यांच्याच टेबलावर एक दिवस कागद आला: वाळवंटात अशी जागा शोधा, जिथे माणसाचा एकही दिवा रात्रीचं आभाळ खराब करत नाही. तारे बघायला येणाऱ्यांसाठी तिथे एक चौथरा आणि चार खोल्या बांधायच्या होत्या.

"ताई, आता काय करायचं?" साहेबांनी मला विचारलं.

"काय करायचं म्हणजे? गाडीत डिझेल भरायचं," मी म्हटलं.

मी खात्याची ड्रायव्हर. जीप चालवते, एकोणीस वर्षं झाली. तोंडाने फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नावं ठेवायला नको. वाळवंटातल्या वाटा मला ठाऊक, कारण मी तिथेच वाढले. त्यामुळे साहेब नकाशा उलटा धरून बसले तरी आमचं काही अडत नसे.

साहेबांकडे काडेपेटीपेक्षा जरा मोठा एक मीटर होता. तो आभाळाकडे धरायचा, बटण दाबायचं, की आकडा येतो. आकडा जितका मोठा तितका काळोख चांगला. ऑफिसच्या गच्चीवर करून बघितलं तर सतरा आला. वाळवंटातली जागा पास व्हायला एकवीस पॉइंट सात पाहिजे होता. सतरा काय आणि एकवीस काय, असं मला वाटलं होतं. साहेब म्हणाले, "ताई, या चार आकड्यांच्या मधे आपलं अख्खं शहर आहे." मी मान डोलावली. समजलं काहीच नाही.

पद्धत ठरलेली होती. चंद्र नसलेल्या रात्रीच जायचं. सूर्य मावळून दोन तास झाले की गाडीचे दिवे बंद. डॅशबोर्डवर एक लाल ठिपका जळत राहतो, त्यावर मी चिकटपट्टी लावली. दार उघडलं की आतला दिवा लागतो, त्याचा बल्बच काढून टाकला. मग डोळ्यांना सवय होईपर्यंत पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं. मग पाच वेळा बटण. पहिला आकडा टाकून द्यायचा, कारण गाडीच्या उबेतून बाहेर आलेला मीटर पहिल्यांदा थापा मारतो. उरलेल्या चारांची सरासरी फॉर्मवर. फॉर्मवर रकाने छापलेले: चंद्र आहे का? ढग? धूळ? पाच किलोमीटरच्या आत दिवा? साहेब लाल बॅटरीच्या उजेडात प्रत्येक रकान्यात "नाही" लिहायचे, जीभ बाहेर काढून, पहिलीतल्या पोरासारखे.

थंडी संपता संपता आम्ही सुरुवात केली. महिन्यात जेमतेम आठ रात्री मिळायच्या, त्यातल्या चार धुळीत जायच्या. एका टेकडीमागे जागा इतकी छान होती की साहेब गाणं गुणगुणायला लागले, तेवढ्यात पलीकडच्या खाणीने आपला मोठा दिवा लावला आणि आमच्या सावल्या वाळूवर पडल्या. एका ठिकाणी आकडा चांगला होता, पण साहेबांनी पाय ठेवला तिथे विंचू. तेव्हा कळलं, साहेबांना उडी किती लांब मारता येते ते. असं करत करत तेरा जागा झाल्या. त्यातली एक, मिठागराचं पठार, काठावर पास झाली होती. पण तिथे पाण्याचा थेंब नाही. साहेबांचं काही समाधान होईना.

चौदावी जागा त्यांनी स्वतःच नकाशावर बोट ठेवून दाखवली. मधे पावसाळ्याचे ढग आले म्हणून काम थांबलं होतं, आता पाऊस सरला होता. "ही जुनी पाण्याची चौकी. विहीर आहे, पंप आहे, दोन खोल्या आहेत. अजून काय पाहिजे?"

"ती माझ्या बाबांची चौकी आहे, साहेब," मी सांगून टाकलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही.

"अरे वा! मग तर बरंच झालं. जागा पास झाली तर पंप चालू राहील, बाबाही तिथेच राहतील. राखणदार लागणारच आहे आम्हाला."

बरं झालं म्हणे. इथे थांबून सगळं नीट सांगायला हवं. बाबा सव्वीस वर्षांचे असताना पंप चालवायला त्या चौकीवर गेले. खोल विहिरीतलं पाणी पंपाने वर काढून नळातून शहराकडे ढकलायचं, दर तीन तासांनी दाबाचा काटा बघायचा आणि वहीत लिहायचा, हे त्यांचं काम. मी तिथेच जन्मले. आई तिथेच गेली, त्याला अकरा वर्षं झाली. बाबा कधीच निवृत्त झाले, पण त्या उजाड जागी दुसरं कुणी जायला तयार नाही म्हणून पाण्याच्या खात्याने त्यांनाच राहू दिलं. आता नवा नळ दुसरीकडून आला होता. महिनाअखेर जुना पंप बंद, चौकीला कुलूप. जागा पास झाली नाही तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाबांना माझ्या घराशिवाय दुसरं ठिकाण नव्हतं.

आणि मला ते माझ्या घरीच हवे होते. आदल्या थंडीत त्यांना ताप आला होता. फोन लागायला तिथे टेकडी चढावी लागते, आणि तापात टेकडी कोण चढणार? चौथ्या दिवशी मी त्यांचं सामान घेऊन गेले तर बाबा खाटेवर, ओठ फुटलेले, उशाचा तांब्या कोरडा. जन्मभर शहराला पाणी पाजलं त्या माणसाने, आणि त्याला घोटभर पाणी द्यायला कुणी नव्हतं. त्या तीन दिवसांनी माझी झोप उडवली. त्यानंतर दर खेपेला मी म्हणायचे, "चला बाबा घरी." ते म्हणायचे, "नको गं, इथे बरं आहे." मी "बरं" म्हणून गाडी सुरू करायचे. आमच्या घरात हट्ट करायची पद्धतच नाही. म्हणून चौदाव्या जागेला निघाले तेव्हा माझं एकच मागणं होतं, आकडा एकवीस पॉइंट सातच्या खाली यावा.

पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. बाबा अंगण झाडून, धुतलेला सदरा घालून उभे होते. साहेबांना त्यांनी पंपघर दाखवलं, काट्याच्या वह्या दाखवल्या. चहा दिला. साहेब म्हणाले, "बाबा, तुमचा दिवा?" तर बाबांनी स्वतः जाऊन खोलीतला एकुलता एक दिवा बंद केला आणि दारालाही कडी लावली, जणू दिवा बाहेर पळून जाईल.

दोन तासांनी सगळं आभाळ उतरलं होतं. त्या महिन्यांत तिथे आकाशगंगा बरोबर डोक्यावर असते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. साहेबांनी मान वर केली आणि "वा!" म्हणाले. दोनदा म्हणाले. मग मान खाली घालून बटण दाबायला लागले.

पाचदा दाबलं. पहिला आकडा टाकला. मग पुन्हा पाचदा. मग गाडीतून मीटरची नवी बॅटरी आणून पुन्हा.

"एकवीस पॉइंट चार," साहेब म्हणाले. आवाज पडला होता त्यांचा. "असं कसं? मिठागरावर पॉइंट सात होता. इथे तर शहर आणखी लांब आहे. ताई, या बाजूला एखादी वस्ती आहे का? नवी खाण? कुठून तरी उजेड येतोय."

आता ऐका. उजेड कुठून येत होता ते मला ठाऊक होतं. लहानपणी आमच्याकडे रॉकेल मोजकं यायचं, म्हणून आईचा नियम होता: आकाशगंगा डोक्यावर असेल त्या महिन्यांत पंपघरात जायला कंदील न्यायचा नाही, वाट दिसते. ती खाली कलली, थंडी पडली, की कंदील न्यायचा, नाहीतर ठेच लागते. मी अनवाणी धावत जायचे त्या पांढुरक्या वाटेवरून. म्हणजे साहेबांच्या मीटरला दिसत होता तो कुठल्या वस्तीचा दिवा नव्हता, खुद्द ताऱ्यांचाच उजेड होता. बाकीच्या जागा आम्ही मोजल्या तेव्हा त्या वेळेला आकाशगंगा क्षितिजाशी पडलेली असायची. जागा नापास होत होती ती आभाळ जास्त चांगलं दिसत होतं म्हणून. साहेबांचा जन्म शहरात गेला, त्यांच्या फॉर्मवर त्याचा रकाना नव्हता, आणि वीस वर्षं दिवे मोजलेल्या माणसाच्या डोक्यात उजेड म्हटलं की खांबच येतो.

एक वाक्य बोलायचं होतं मला. "साहेब, हा वरचा उजेड आहे, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा." बस. जिभेवर आलं होतं.

"असेल काहीतरी, साहेब," मी म्हटलं. "मला मेलीला त्यातलं काय कळतंय?"

बाबा बाजूलाच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. काळोखात चेहरा दिसत नव्हता, पण मान वळलेली कळली. मग ते कप गोळा करून धुवायला आत गेले. साहेबांनी फॉर्मवर लिहिलं: नापास.

महिनाअखेर मी त्यांना आणायला गेले. एक ट्रंक, एक वळकटी. पंप त्यांनीच बंद केला. काट्याची शेवटची वही कपाटात ठेवून कपाटाला किल्ली लावली, आणि किल्ली खात्याच्या माणसाच्या हातात दिली. मला वाटलं होतं, रडतील, निदान कुरकुर तरी करतील. छे. गाडीत बसले आणि म्हणाले, "चल."

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली औषधाचं दुकान. माझा नवरा शिंपी आहे, पुढच्या खोलीत त्याचं मशीन. मागची खोली बाबांना दिली. खिडकीबाहेर दुकानाची हिरवी पाटी रात्रभर उघडझाप करायची, तिला आम्ही सरावलेलो. पहिल्या सकाळी बाबांना विचारलं, "झोप लागली?" म्हणाले, "छान लागली." खिडकीवर त्यांनी टॉवेल लावलेला होता, चार खिळ्यांना चार टोकं बांधून.

माणूस त्रास देईल तर भांडता तरी येतं. बाबांनी त्रासच दिला नाही. नवऱ्याला काजं-बटणं करून द्यायला लागले. जावई खूश. "तुझ्या बाबांचा हात बघ, टाका कसा सरळ पडतो." शेजारच्या वहिनींचा गळका नळ दुरुस्त केला, मग तळमजल्यावरच्यांचा. सगळ्या जिन्यात त्यांचं नाव झालं. जेवायला बसले की म्हणायचे, "छान झालंय." आमटीत मीठ नसलं तरी छान, जळली तरी छान. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "बाबा, आज अळणी आहे." तर म्हणाले, "असू दे, छान आहे." मला रागच आला. म्हटलं, हा काय पाहुण्यासारखा वागतोय माझा बाप?

एका संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले तर बाबा वर बघत उभे. "काय बघताय?"

"सात आहेत," ते म्हणाले.

"काय सात?"

"तारे. बरे आहेत की. शहराच्या मानाने बरे आहेत."

खरं तर मी सुखात असायला हवं होतं. तीच तर माझी मागणी होती. बाप डोळ्यांसमोर, उशाशी भरलेला तांब्या, ताप आला तर दोन मिनिटांत औषध. पण चोराच्या मनात चांदणं. बाबा खोकले तरी मला वाटायचं, मला बोलतायत. साहेब गाडीत मिठागरावर पाणी कसं न्यायचं याची चर्चा करायचे, आणि मी गिअर नको तितक्या जोरात टाकायचे.

रात्री बाबा उठायचे. दर तीन तासांनी, घड्याळ लावल्यासारखे. आधी वाटलं, वय झालंय, जात असतील. एकदा मी मागोमाग गेले. बाबा न्हाणीघरात उभे होते, दिवा न लावता, आणि भिंतीतून वर जाणाऱ्या नळावर तळहात ठेवला होता. आत पाणी वाहतंय का, ते बघत होते. मला बघून दचकले. चोरी पकडल्यासारखे.

"झोपमोड केली का गं तुझी?" म्हणाले. "आता नाही उठणार."

आता नाही उठणार म्हणे. अहो, स्वतःच्या लेकीच्या घरात नळाला हात लावला म्हणून माफी मागत होते ते. मी अंथरुणात जाऊन पडले, पण डोळा लागला नाही. मी बापाला घरी आणलं नव्हतं, उचलून आणलं होतं. त्यांना एका शब्दाने न विचारता.

सकाळी ऑफिसात गेले ती थेट साहेबांच्या टेबलापाशी. ते दिव्यांच्या जुन्या फायलींच्या मागे डबा उघडत होते.

"साहेब, एकवीस पॉइंट चार चुकीचा आहे," मी म्हटलं. "म्हणजे आकडा बरोबर आहे, पण तो आकाशगंगेचा उजेड आहे. बरोब्बर डोक्यावर होती. मला तेव्हाच ठाऊक होतं."

साहेबांनी डब्याचं झाकण परत लावलं. मी कंदिलाचं सांगितलं, आईचा नियम सांगितला. त्यांनी कुणा जाणकाराला फोन लावला. बराच वेळ नुसतं "हो... हो... अच्छा" चाललं होतं. फोन ठेवला तेव्हा कान लाल झाले होते.

"मी वर बघून वा म्हणालो होतो," ते म्हणाले. "दोनदा म्हणालो होतो, ताई! आणि मग उजेड कुठला म्हणून वस्ती शोधत बसलो. काय अक्कल म्हणायची ही! काखेत कळसा आणि गावाला वळसा." मग म्हणाले, "पण तुम्ही का नाही बोललात?"

"बाबा घरी हवे होते."

मला वाटलं, आता झाडतील. झाडायलाच हवं होतं, दोन महिने मी त्यांना मिठागराच्या वाऱ्या करायला लावल्या होत्या. त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "खा," म्हणाले. "रात्रभर झोपला नाहीत वाटतं." मग फॉर्म काढून आपल्या हाताने एक नवा रकाना आखला.

पुढच्या चंद्र नसलेल्या रात्रीची वाट बघितली. बाबांना मी एवढंच सांगितलं की साहेबांना पुन्हा मोजायचंय, जागा नीट दाखवायला तुम्ही चला. ते काही न विचारता गाडीत बसले. बरोबर मफलर घेतला, थंडी पडली होती, आणि रात्र काढावी लागली तर असू दे म्हणून वळकटीही.

चौकीचं कुलूप उघडलं, आत वाळूचा थर. बाबा सवयीने आधी पंपाकडे गेले. आम्ही अंगणात पंधरा मिनिटं उभे राहिलो. आकाशगंगा पश्चिमेला पार कलली होती, आणि डोक्यावर असा काळोख की मला माझे हात दिसेनात. साहेबांना वाटेत ठेच लागली. "आई गं!" ओरडले, आणि लगेच म्हणाले, "चांगलं लक्षण आहे!"

पाच वेळा बटण. पहिला टाकला.

"एकवीस पॉइंट नऊ," साहेब म्हणाले. मग पुन्हा मोजलं. पुन्हा नऊ. मग तो सरकारी माणूस, बावन्न वर्षांचा, लाल बॅटरी हातात घेऊन अंगणभर फिरला, फॉर्म उलटा धरून लिहायला लागला, आणि मला म्हणाला, "ताई, तेरा जागांत एवढा आला नव्हता!" राखणदाराची जागा बाबांची, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. सध्या पंप पुन्हा चालू करायचा, पुढे बांधकामाची माणसं येतील, टेकडीवर न चढता लागेल असा फोन ते स्वतः बसवून घेणार. मग आनंदाने खोल्या मोजायला आत गेले.

मी पंपघरात गेले. बाबा काट्याची काच सदऱ्याच्या टोकाने पुसत होते.

"बाबा," मी म्हटलं, "मी चुकले. त्या रात्री मला ठाऊक होतं उजेड कुठला ते. मुद्दाम बोलले नाही."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मलाही ठाऊकच होतं की गं. पन्नास वर्षं राहिलोय मी या आभाळाखाली. तुला आईने शिकवलं, आईला कुणी शिकवलं?"

म्हणजे त्या अंगणात बाप-लेक दोघांचीही अळीमिळी गुपचिळी, आणि मधे बिचारे साहेब बॅटऱ्या बदलतायत.

"मग तुम्ही का नाही बोललात? तुमची चौकी जात होती, बाबा! माझं सोडा, मी मतलबी. तुम्ही का तोंड शिवून बसलात?"

बाबांनी काच पुसणं थांबवलं. "तू दर वेळी म्हणायचीस, चला घरी. मी म्हणायचो नको, आणि तू लगेच बरं म्हणायचीस. मला वाटायचं, मुलगी आहे, विचारायची रीत म्हणून विचारते. खरंच गेलो तर तिच्या दोन खोल्यांत अडचणच." त्यांनी मफलर सारखा केला. "त्या रात्री तू साहेबांना खोटं बोललीस. तू कधी खोटं बोलत नाहीस. तेव्हा कळलं, हिला मी खरंच हवाय. मग मी कशाला बोलू? इतकं कुणी मागून घेतलं नव्हतं मला, तुझी आई गेल्यापासून."

मी तिथेच, पंपाच्या चौथऱ्यावर बसले आणि रडले. चांगली मोठ्याने रडले. साहेब दारापर्यंत आले आणि चोरपावलांनी परत गेले. मी बाबांना म्हटलं, "मला तुम्ही हवे आहात. मला रीतबित काही ठाऊक नाही. मला तुमच्यासाठी भीती वाटते, रोज वाटते."

"हो," बाबा म्हणाले. "आता समजलं. म्हणून आता मी इथे राहतो."

"हे काय उत्तर झालं?"

"झालं की. इथे मला काम आहे. तिथे मी छान-छान म्हणत बसतो, तुझी आमटी अळणी असली तरी. तुलाही ते आवडत नाही."

"नाही राहायचं! घरी यायचं!"

मग आम्ही भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा. मी तापाचं काढलं, त्यांनी फोनचं काढलं. मी वयाचं काढलं, त्यांनी माझ्या गाडी चालवण्याचं काढलं. मी म्हटलं, तुम्ही दगड आहात, ते म्हणाले, कुणाची मुलगी आहेस. मी त्यांची वळकटी उचलून गाडीत टाकली, त्यांनी ती काढून परत खाटेवर नेऊन ठेवली. असं दोनदा झालं. पाऊण तास चाललं होतं, आणि काळोखात मला त्यांच्या आवाजावरून कळत होतं की म्हातारा हसतोय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शेवटी मीच हरले.

साहेब केव्हाचे गाडीत बसून होते, त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. मी स्टिअरिंगवर बसले आणि दार लावलं. बाबा खिडकीशी आले.

"पुढच्या अमावस्येला ये," ते म्हणाले. "आणि पुन्हा भांड."